दिवसाची चूल

आमच्या पाड्यातल्या अष्टमी नावाच्या पोरीला खाज सुटली ती माघात. बाईमाणसानं असलं उघड बोलू नये म्हणतात. न बोलून बोलून आमच्या पाड्यातल्या निम्म्या बाया आतनं कुजल्या, तेव्हा मी बोलणार. ज्याला ऐकवत नाय त्यानं उठून जावं.

आमचं काम पाण्यातलं. भरती लागली की कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उतरायचं, बांबूच्या चौकटीचं निळं जाळं दोरीनं कमरेला बांधायचं आन काठाकाठानं ओढत चालायचं. कोळंबीचं बी गोळा करायचं. केसासारखं बारीक असतं ते, नुसते दोन काळे डोळे दिसतात. पाणी उतरेपर्यंत बाहेर यायचं नाय. साडी अंगाला चिकटलेली, मांड्या सोलून निघालेल्या, आन चिखल कुठं कुठं जातो ते काय सांगू. घरी आलं तर गोड्या पाण्याची हापशी पाड्याच्या पार टोकाला. प्यायलाच पुरत नाय, धुवायला कुठनं आणायचं?

अष्टमी माझ्या शेजारची. भवसिंधूची बायको. अंगानं बारीक, पण जाळं ओढायला लागली की बाप्यांना ऐकायची नाय. त्या दिवशी आम्ही दोघी पुढंमागं चाललो होतो तर म्हणली, "खेंती काकी, तू पुढं हो. माझ्या वाऱ्याला थांबू नको."

"का गं?"

"माझा वास येतोय."

"सगळ्या नदीला वास येतो. त्यातला तुझा कुठला, कसा निवडून काढू?"

एरवी हसली असती. हसली नाय. जाळ्याची दोरी धरून नुसती उभी राह्यली. मग म्हणली, "पिवळं पाणी जातंय काकी. फेसासारखं. आन खाज अशी, की रात्री उठून मडक्यातल्या पाण्यात बसते. सासूला वाटतं पोरगी खुळी झाली."

आता यातलं खरं दुखणं ऐका. लग्नाला आठ वर्षं झालेली. दोनदा राह्यलं आन दोनदा गेलं. या वेळेला मात्र टिकलं होतं, पाचवा लागला होता. भवसिंधू बाजारातनं येताना तिच्यासाठी कच्च्या चिंचा खिशात घालून आणायचा. बांधावरनं जाताना माणसं त्याला चिडवायची, "काय रे, डोहाळे तुला लागले का तिला?" तो चिंच काढून त्यांच्यापुढं धरायचा.

मी तिला निवारण कविराजाकडं, आमच्या वैद्याकडं नेली. म्हातारा एका कानानं ठार बहिरा. त्यामुळं बायकांनी असली गोष्ट हळू सांगायची आन त्यानं "आं? काय?" म्हणून ओरडायचं. मग सगळ्या पाड्याला कळायचं. तरी लोक जायचे, कारण माणूस खोटा नव्हता. उलटकंबळाची मुळी मिऱ्यांबरोबर वाटून द्यायचा. मला स्वतःला तरुणपणी त्यानं गुण आला होता.

त्यानं अष्टमीकडं बघितलं, पोटाकडं बघितलं आन मुळीची पेटी झाकली.

"मुळी नाय द्यायची. ती पोट रिकामं करती."

"मग दुसरं काय?" मी त्याच्या चांगल्या कानात ओरडले.

"कडुलिंबाचा पाला उकळ, चिमूटभर हळद घाल, त्या कोमट पाण्यानं वरनं धू. खाज बसंल. पण ऐक, खाज बसली म्हणजे दुखणं गेलं असं नाय. आत काय असंल ते पाल्यानं निघायचं नाय. घाटाला लाँच लागती ना दवाखान्याची, तिथं जा."

लाँचवर आमच्या बाया जात नायत असं नाय. तापाला जातात, पोरांच्या हगवणीला जातात. असल्या गोष्टीला जात नायत. मी तिला दंडाला धरून फळीवरनं चढवली. आत पडदा होता. डॉक्टरीण तरणी होती, चष्म्यावर घाम आलेला. बघितलं, कापसाच्या काडीवर घेतलं, काचेवर लावून यंत्राला डोळा लावला.

"किती दिवस झाले?"

"माघापासनं."

"आन चैत्रात येतेस?"

अष्टमी खाली बघून म्हणली, "लाज वाटली."

डॉक्टरीण रागावली नाय. म्हणली, "बारीक कीड आहे, डोळ्याला दिसत नाय अशी. पाल्यानं वरवर बरं वाटेल, कीड मरणार नाय. ती राह्यली तर पोर दिवस भरायच्या आधी बाहेर येऊ शकतं. या गोळ्या पोटाला चालतात, भिऊ नको. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. आन हे दुसरं पाकीट नवऱ्याचं."

"त्यांना काय होत नाय."

"पुरुषाला त्रास होत नाय. पण त्याच्यात असती. तू बरी झालीस तरी तो परत देईल."

"म्हणजे नेहमीसारखंच," मी म्हणलं. डॉक्टरीण हसली, पडद्यामागची नर्स हसली. अष्टमी पण हसली. दोन्ही पाकिटं पदरात बांधून फळीवरनं उतरताना तिची चाल हलकी झाली होती. आजून आठवते मला ती.

पण चैत्र आमच्याकडं मधाचा. जंगल उघडतं, परवाने मिळतात, बाप्ये होड्या घेऊन मधाला जातात. भवसिंधूची होडी दुसऱ्या सकाळी निघायची होती.

संध्याकाळी मोकसेद गुणीन, आमचा मांत्रिक, सगळ्यांच्या मनगटाला दोरा बांधत फिरत होता. जंगलात टोळीच्या पुढं तोच चालायचा. त्याचा मंत्र असला तर वाघाचं तोंड बांधलं जातं असं आमच्याकडं मानतात. त्याचं एकच सांगणं, "ज्याच्या पोटात दुसऱ्या कुणाचं औषध, त्याच्यावर माझा मंत्र चढत नाय. कुणी काय खाल्लं असंल तर आत्ताच सांगा, तो राहील मागं."

भवसिंधूनं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आन अष्टमीला परत दिलं.

"आल्यावर घेतो गं. पळून जातंय काय?"

"आन मी?"

त्याच्या आधी सासू बोलली. तरुबाला दारात बसून सुपारी कातरत होती. "बौमा, त्याच्या पोटात औषध नाय तर तुझ्या पोटात कसं? तो आला की दोघं मिळून घ्या. डॉक्टरीण पण दोघांनीच घ्या म्हणली ना?"

हा नेम सगळ्यांना ठाऊक. माणूस मधाला गेला की घरची बाई त्याच्याबरोबर जंगलातच असते, नुसती दिसते घरात. डोक्याला तेल नाय, अंगाला साबण नाय, दाराला कडी नाय, कुणाशी भांडण नाय. नदी ओलांडायची नाय. आन सगळ्यात मोठं, दिवस मावळेपर्यंत चूल पेटवायची नाय. इकडं चूल पेटली की तिकडं आग. दिवसा सगळं घर रात्रीच्या पाणीभातावर राहतं.

तरुबालाला दुष्ट म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे. तिचा थोरला राजेन जंगलात गेला तेव्हा थोरल्या सुनेनं भरदुपारी मिरच्या भाजल्या होत्या. आठ दिवसांनी होडी आली ती त्याच्याविना. तीच दुपार होती का दुसरी, कोण बघायला गेलं होतं? पण तरुबालाच्या मनात ती दुपार बसली ती बसली. सुनेला माहेरी घालवलं. आजूनसुद्धा कुणी मिरची भाजली की ही उठून बांधावर जाऊन बसते.

होड्या गेल्या. पाकिटं तरुबालानं छपराच्या वाशात खोचून ठेवली.

मी समजावून बघितलं, हट्ट धरून बघितलं, शिव्या देऊन बघितलं. माझं काय, माझ्या नवऱ्याला वाघानं नेलं नाय, केरळला कामाला गेला तो तिकडंच बसला. वाघ परवडला असता, निदान लोकांनी कीव तरी केली असती. तेव्हा मला कसला नेम नव्हता. मी वाशातली गोळी काढली, कुटली आन माझ्या घरच्या पाणीभातात कालवून, कांदा-मीठ घालून तिच्यापुढं ठेवला.

एक घास घेतला आन तिनं तोंड वाकडं केलं. गोळी कडू जहर असती ती, मला काय ठाऊक? अंगणात जाऊन थुंकली, मीठ घेऊन तोंड चोळून धुतलं. मला वाटलं आता केस धरती माझे. पण भांडायचं नाय ना. आली आन समोर बसली.

"काकी, ते आत्ता झाडावर असतील. खाली धूर, वर माश्या."

"तुझ्या पोटात पण कुणीतरी आहे."

"ते पोटात आहे काकी, घरात आहे. हे जंगलात आहेत."

मी ताटली माझ्याकडं ओढून घेतली.

"आन समजा मी गोळी घेतली," ती म्हणली, "आन तिकडं काय झालं. मग हे पोर मोठं झाल्यावर त्याच्या बापाचं काय सांगू त्याला?"

पाल्याला मात्र तरुबालानं आडकाठी केली नाय. पाला काय, भाजीच ती, औषध नव्हे. दिवस मावळला की ती स्वतः सुनेसाठी कडुलिंब उकळायची, हळद घालायची, कोमट झालं का ते कोपर बुडवून बघायची. आन गुण आला. खाज बसली. अष्टमी बांधावर येऊन मला म्हणली, "बघ, गेलं. रात्रभर झोपले काल."

"वास?"

"तो थोडा आहे. तो पाण्याचा असंल."

होड्या गेल्यापासनं पाण्यात तर ती उतरतच नव्हती. पण मी तरी किती बोलणार. खाजत होतं तोवर तिला भीती होती. पाल्यानं खाज गेली, तिच्याबरोबर भीती पण गेली.

दिवस चांगले गेले म्हणायचे. अंगणात सावलीला बसून ती जुन्या साड्यांच्या घड्या शिवायची. सासू तिच्या पायाला हात लावून बघायची, सूज आहे का. सातवा लागला. बैशाख आला. ऊन असं, की चिखलाला भेगा पडून मीठ वर आलं.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी तिला थंडी भरून आली. पुनवेला दुपारी मी हापशीवरनं येत होते तर तरुबाला बांधावर उभी राहून हाका मारत होती. मी कळशी तिथंच ठेवली.

अष्टमी दाराच्या खांबाला टेकून बसली होती. साडी भिजलेली. वास असा की काय विचारू नका. कळा सुरू झाल्या होत्या.

"घाटावर इंजिनाची भटभटी होडी आहे," मी म्हणलं. "पलीकडं मोठा दवाखाना. चल, उचलते."

"नदी..." अष्टमी म्हणली.

"मसणात गेली नदी!"

तरुबालाकडं बघितलं. म्हातारीचं तोंड राखेसारखं झालं होतं. पण ती म्हणली, "घेऊन जा खेंती. हिच्या जागी मी बसते घरात. बाई घरात असली म्हणजे झालं. बोनबीबीला काय, जंगलाची आई ती, समजून घेईल."

आम्ही दोघींनी तिला काखेत धरून उठवली. तिनं खांबाला मिठी मारली. एवढीशी पोरगी, पण जाळं ओढून ओढून हात तिचे लोखंडाचे. आम्ही बोटं सोडवतोय आन ती परत धरतेय. "ते येईपर्यंत नाय. तुमच्या पाया पडते आई, राजेनदादासारखं नको." असं म्हणली आन तरुबालाचे हात गळाले.

तेवढ्यात सगळं झालंच. खांबापाशीच. मी हातात घेतलं. मुलगी होती. कावळ्याचं पिल्लू घरट्यातनं पडल्यावर दिसतं ना, तशी. कातडीतनं शिरा दिसत होत्या. मला वाटलं गेलेलीच आहे. तोंडात बोट घालून घाण काढली तर तिनं माझं बोट ओठात धरलं.

"जित्ती आहे!" मी ओरडले.

जित्ती होती, पण गार. बाहेर बैशाखाचं ऊन आन पोर माझ्या हातात मडक्यासारखी गार. पदरात गुंडाळली, छातीला धरली, तरी गार. भटभटीवर न्यायची तर खाडीवरचा तो वारा. वाटेतच संपली असती.

तरुबाला उठली. काय करतेय ते मला आधी कळलंच नाय. काटक्यांची मोळी मोडल्याचा आवाज आला, मग काडेपेटीचा. तिनं चूल पेटवली. भरदुपारी. फडकी जाळावर धरून गरम करायची, मला द्यायची, मी पोरीला गुंडाळायची, गार झालं की परत तिच्याकडं. एक फडकं जळलंच.

अष्टमीला धुराचा वास आला. ती जमिनीवर पडली होती, अंगाखाली रक्त. कोपरावर उठली. "विझवा," म्हणली. "आई, विझवा ते. आई, दिवस आहे."

"गप पड," तरुबाला म्हणली.

"आई, तुमचा मुलगा आहे तिकडं!"

"ठाऊक आहे मला, कुणाचा कोण आहे ते!"

असं ओरडली आन चुलीत आणखी लाकूड सारलं.

छपरातनं धूर वर गेला. आमच्या पाड्यात दिवसा धूर लांबनं दिसतो. ज्यांचे ज्यांचे बाप्ये होडीवर होते त्या बाया पळत आल्या. कमला, फुलेश्वरी, मोकसेदची बायको रहिमा. "विझव म्हातारे! आमचीपण माणसं आहेत तिथं!" फुलेश्वरी पाण्याची घागर घेऊनच आली होती. तरुबालानं भिंतीला टेकवलेली विळी घेतली आन दारात आडवी उभी राह्यली. केस सुटलेले, तोंडावर राख.

"पाय ठेव आत. ठेव."

कुणी ठेवला नाय. रहिमाला आतलं पोर दिसलं. तिनं फुलेश्वरीच्या हातातनं घागर काढून घेतली आन अंगणात बसली. मग बाकीच्या बसल्या. माझ्या छातीवर ती पोरगी श्वास घेत होती. मध्ये थांबायची, मी पाठीवरनं बोट फिरवलं की परत घ्यायची. अष्टमी आता विझवा म्हणत नव्हती. पोरीकडं बघत होती आन छपराकडं, धुराकडं.

दिवस मावळायच्या आत पोरगी गेली. मी बोट फिरवत राह्यले, तिनं घेतला नाय.

चूल तरुबालानंच विझवली. बांधाच्या पल्याड गेवाच्या झाडाखाली खड्डा पण तिनंच खणला.

त्यानंतरचे दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. अष्टमीला ताप होता. लाँच आली तेव्हा मी डॉक्टरणीला घरापर्यंत ओढत आणली. तिनं सुया दिल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "गोळ्या घेतल्या असत्या तर?" ती म्हणली, "त्यानंच झालं असं छातीवर हात ठेवून नाय सांगता येत काकी. पण वाचायला जागा होती." हळू बोलली होती. पण कुडाची भिंत, आत ऐकू गेलंच असणार.

अष्टमी पोरीसाठी रडली नाय. तिला रडायला सवड नव्हती. ती सगळा वेळ नदीकडं बघायची. बायकांनी त्यांच्या अंगणात यायचं सोडलं. हापशीवर तरुबालाला जागा द्यायच्या, पण बोलायच्या नायत. सगळे होडीची वाट बघत होते, कोण कमी आहे ते मोजायला.

होडी आली ती भरल्या उन्हाची. घाटावर सगळा पाडा. आधी मोकसेद उतरला, मग एकेक. सगळे. भवसिंधू सगळ्यात शेवटी, खांद्यावर मधाचा डबा, तोंड सुजून काळं झालेलं, दात तेवढे पांढरे. बाया रडायला लागल्या, हसायला लागल्या. फुलेश्वरीनं धावत जाऊन तरुबालाला मिठी मारली.

पोरीचं त्याला वाटेत मीच सांगितलं, चुलीचं नाय. दुसरं कोण सांगणार? त्यानं डबा खाली ठेवला, बांधावर बसला, चिखल उचलून कपाळाला लावला. बऱ्याच वेळानं उठला.

अष्टमी दारात बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. तिचे पाय धरले, नवऱ्यानं बायकोचे धरू नयेत तरी धरले, आन रडत म्हणला, "गेलं ते गेलं अष्टमी. तू नेम पाळलास म्हणून मी तरी आलो."

तिनं पाय मागं घेतले.

"पुनवेला दुपारी कुठं होता?"

"कधी?"

"पुनवेला. भरदुपारी."

तो आठवायला लागला. डोळे पुसले. "पुनवेला... हां, मोठ्या खाडीच्या तोंडाशी. अगं, त्या दिवशी तर सगळ्यात मोठं पोळं निघालं. असं," त्यानं दोन्ही हात पसरले, "मोकसेदचाचा म्हणला, आज बोनबीबी आपल्यावर खूश आहे."

"कुणाला काय झालं नाय?"

"कुणाला?"

"कुणालाच? माशी डसली, पाय घसरला, वाघाचा माग?"

"काटासुद्धा रुतला नाय कुणाला. जेवलो, होडीत झोपलो. का गं? का विचारतेस?"

तरुबाला भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिच्या पाठीवरनं कळत होतं ती रडतेय ते.

अष्टमी त्याच्याकडं बघत राह्यली. नीट, वरपासनं खालपर्यंत, हात, पाय, बोटं, सगळं जागच्या जागी. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. आन पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

"काकी," ती म्हणली, "मग गोळी पण चालली असती की गं."